‘गन’ हा शब्द आला कुठून? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गन हा शब्द आता आपलाच झालाय. पोरांच्या पाण्याच्या गनपासून ट्रॅफिक पोलिसांच्या स्पीडगनपर्यंत सगळीकडे तो आहे, आणि तो कुठून आला याबद्दल व्हॉट्सॲपवर काय वाट्टेल ते फिरत असतं. सारखे विचारले जाणारे प्रश्न म्हणून इथे एका जागी घेतलेत. मला हा विषय मनापासून आवडतो त्यामुळे काही उत्तरं लांबली आहेत, घाई असेल तर पहिली तीन वाचा आणि मग शतघ्नीवालं नक्की वाचा.

एका वाक्यात सांगा, गन म्हणजे मुळात काय?

एका बाईचं नाव. गुन्हिल्ड असं पूर्ण नाव, त्याचं घरगुती आखूड रूप ‘गुन्ना’, आणि त्यावरून मध्ययुगीन इंग्रजीत ‘गॉन’ किंवा ‘गुन’, पुढे गन. इंग्रजीचे मोठे शब्दकोश आज हीच व्युत्पत्ती सगळ्यात जास्त पटणारी मानतात.

बाईचं नाव? पुरावा काय आहे याला?

आहे, आणि चांगला लेखी आहे. इंग्लंडच्या राजाचा विंडसर किल्ला तुम्हाला माहीत असेलच, तिथल्या शस्त्रसाठ्याची १३३०-३१ सालची एक यादी आहे. यादी लॅटिनमध्ये, म्हणजे आपल्याकडे दफ्तरात फारसी असायची तसंच तिकडे सरकारी लिखाण लॅटिनमध्ये चालायचं. कारकून एकेक वस्तू लिहीत जातो आणि एका ठिकाणी नोंद येते ती अशी, की शिंगाची एक मोठी बलिस्ता, जिला ‘डोमिना गुनिल्डा’ म्हणतात. डोमिना म्हणजे बाईसाहेब. तर गुनिल्डा बाईसाहेब! बलिस्ता म्हणजे तटावर ठेवायचं प्रचंड मोठं धनुष्य समजा, त्यातून जाड बाण नाहीतर दगड फेकायचे. दारूगोळ्याचा इथे काही संबंध नाही हे लक्षात ठेवा, ही दारूवर न चालणारी गन आहे.

आता हे नाव इंग्लंडात आलं कुठून तर व्हायकिंगांकडून. डेन्मार्क-नॉर्वेकडची माणसं नवव्या शतकापासून इंग्लंडच्या उत्तर आणि पूर्व भागात येऊन वसली, १०१६ मध्ये तर क्नूट नावाचा डॅनिश राजाच इंग्लंडच्या गादीवर बसला आणि त्याच्या मुलीचं नाव गुन्हिल्ड होतं. पुढे हेस्टिंग्जच्या लढाईत मारला गेलेला राजा हॅरॉल्ड, त्याच्या मुलीचंही तेच नाव. म्हणजे तिकडे हे नाव चांगलंच रुळलेलं होतं, कोणी मुद्दाम शोधून काढलेलं नव्हे.

त्या नावाचा अर्थ काय होतो?

युद्ध-युद्ध! व्हायकिंगांच्या जुन्या नॉर्स भाषेत ‘गुन्नर’ म्हणजे युद्ध आणि ‘हिल्ड’ म्हणजेसुद्धा युद्धच, दोन्ही जोडून मुलीचं नाव. शिवाय गुन्नर आणि हिल्ड या दोन वेगवेगळ्या वाल्कीरींची नावंही आहेत, वाल्कीरी म्हणजे रणांगणावर पडलेल्यांतून कोणाला न्यायचं ते निवडणाऱ्या देवता. तटावरच्या यंत्राचं बारसं करायला यापेक्षा शोभेल असं नाव कुठलं?

पण एका यंत्राचं नाव सगळ्यांना कसं काय लागलं?

आपण डालडा म्हणतो तेव्हा कुठल्याही कंपनीचं वनस्पती तूप असतं ना, तसंच. एक यंत्र गाजलं, मग त्या जातीच्या सगळ्याच यंत्रांना लोक लाडाने तेच नाव द्यायला लागले, आणि नेमकं याच सुमारास दारूवर उडणारं नवीन हत्यार युरोपात आलं ज्याला धड नावच नव्हतं. तयार नाव होतं, ते चिकटलं.

वेळेचा हिशेब किती जवळ बसतो बघा. विंडसरची यादी १३३०-३१ ची, आणि १३३९ मध्ये लंडनच्या गिल्डहॉलच्या साठ्याच्या नोंदीत पितळेसारख्या मिश्रधातूची ६ हत्यारं लिहिलीत ‘ज्यांना गॉन म्हणतात’, सोबत शिशाच्या गोळ्या आणि ३२ पौंड दारू. म्हणजे आठ-नऊ वर्षांत धनुष्याच्या यंत्रावरून शब्द थेट दारूच्या हत्यारावर. (एखादी जुनी नोंद उद्या सापडली तर हे अंतर बदलेल, पण दिशा हीच राहील असं मला वाटतं.) त्याच शतकाच्या शेवटाकडे कवी चॉसर एका कवितेत आवाज किती वेगाने पसरला हे सांगताना दारूला आग लागल्यावर गनमधून सुटणाऱ्या गोळीची उपमा देतो. कवीने उपमा दिली म्हणजे ऐकणाऱ्यांना ती वस्तू माहीत होती, शब्दही माहीत होता. माझ्या लेखी हा पुरावा यादीइतकाच मोलाचा आहे.

दुसरी काही व्युत्पत्ती सांगतात ती?

मँगोनेल नावाचं दगड फेकायचं यंत्र होतं, त्याच्यातला मधला तुकडा म्हणजे गन असं काही जुने लोक म्हणायचे. काही जण म्हणतात आवाजावरून. दोन्हीला नोंदींचा आधार नाही, गुनिल्डाला आहे.

हत्याराला बाईचं नाव, हे जरा विचित्र नाही का?

युरोपात तरी अजिबात नाही, उलट रीतच दिसते. एडिंबराच्या किल्ल्यावर ‘मॉन्स मेग’ आहे, मेग म्हणजे मार्गारेटचं लाडकं रूप. ही १४४९ मध्ये बेल्जियमच्या मॉन्स गावात बनली, १४५७ मध्ये स्कॉटलंडच्या राजाला भेट मिळाली, आणि तिच्या तोंडातून साधारण १५० किलोचा दगडी गोळा जायचा. गेंट शहरात अजून एक प्रचंड तोफ रस्त्याच्या कडेला ठेवलीय, तिचं नाव ‘डुल ग्रीट’, ग्रीट म्हणजे पुन्हा मार्गारेटच. ब्रिटिश सैन्याची अठराव्या शतकातली बंदूक ‘ब्राउन बेस’, आणि पहिल्या महायुद्धात १९१४ ला जर्मनांनी बेल्जियमचे किल्ले फोडले ती ४२ सेंटिमीटरची ‘बिग बर्था’.

आपल्या दख्खनच्या तोफांची नावं मात्र वेगळ्या ढंगाची आहेत. ‘मलिक-ए-मैदान’ घ्या, म्हणजे रणांगणाचा मालक. १५४९ मध्ये अहमदनगरच्या निजामशाहीत मुहम्मद रूमी नावाच्या उस्तादाने ओतली, बरीच वर्षं परंड्याच्या किल्ल्यात होती, १६३२ मध्ये विजापूरला नेली आणि आज तिथल्या शेरझा बुरुजावर आहे. वजन ५५ टन सांगतात. पण खरी बघायची ती तिच्या तोंडाशी जाऊन, सिंहासारखं जनावर जबडा वासून आहे आणि त्या जबड्यात दातांखाली चक्क हत्ती धरलेत, म्हणजे तोफ डागली की गोळा त्या जबड्यातून बाहेर पडायचा. मराठी तोंडात तिचं ‘मुलुखमैदान’ झालं आणि आजही एखाद्या वक्त्याची सभा गाजली की मुलुखमैदान तोफ धडाडली असं आपण लिहितो, निम्म्या लोकांना ती तोफ खरोखर आहे हे माहीतही नसतं. देवगिरीच्या किल्ल्यावर मेंढा तोफ आहे, मागच्या टोकाला मेंढ्याचं डोकं आहे म्हणून मेंढा, तिच्यावर कोरलेलं नाव मात्र ‘किला शिकन’, किल्ला फोडणारी. मुरूड-जंजिऱ्याची कलाल बांगडी तर बऱ्याच जणांनी पिकनिकला जाऊन पाहिली असेल.

नाव बाईचं असो, मालकाचं असो की मेंढ्याचं, माझं म्हणणं एवढंच की त्या काळी अशी एक तोफ म्हणजे एक व्यक्तीच असायची. ओतायला महिने लागायचे, ओढायला शेकडो बैल लागायचे, तिच्या येण्याची खबर आधी पोचायची. अशा वस्तूला आधी नाव मिळतं आणि जातीचा शब्द मागून येतो, गनच्या बाबतीत झालं ते हेच.

‘शतघ्नी’ वरून गन आला असं वाचलं, खरं आहे का?

हा मेसेज मला सगळ्यात जास्त वेळा येतो. उत्तर आहे नाही, पण हे ‘नाही’ फार छान आहे, थोडं थांबून वाचा.

आधी शतघ्नी म्हणजे काय ते. रामायणात नगराच्या तटबंदीच्या वर्णनात ती येते, कौटिल्याच्या अर्थशास्त्रात युद्धयंत्रांच्या यादीत आहे, आणि भाष्यकार तिचं वर्णन करतात ते तटावर ठेवलेला, खिळे ठोकलेला अजस्र खांब असं. एका दणक्यात शंभर मारणारी ती शतघ्नी. बंदुकीची दारू तेव्हा कुठेच नव्हती, तिचे पहिले लेखी नुस्खे चीनमधल्या १०४४ च्या ग्रंथात मिळतात. त्यामुळे शतघ्नी म्हणजे तोफ हे धरून चालता येत नाही, आणि शतघ्नीतला ‘घ्नी’ जहाजात बसून इंग्लंडला गेला आणि गन झाला असंही काही घडलेलं नाही.

पण आता गंमत बघा. शतघ्नीमधला ‘घ्न’ हा हन् धातूचा, हन् म्हणजे मारणे. संस्कृतमध्ये हा धातू काही रूपांत ह दाखवतो आणि काही रूपांत जुना घ, हन्ति म्हणजे तो मारतो पण घ्नन्ति म्हणजे ते मारतात. शत्रुघ्न, कृतघ्न, घात यातला घ तोच. आणि संस्कृत व युरोपातल्या बहुतेक भाषांची जी समान पूर्वज भाषा मानतात, त्या मूळ इंडो-युरोपीय भाषेतल्या ज्या धातूतून हा हन् आला, ज्याचा उच्चार साधारण ‘ग्व्हेन’ असा मानतात आणि अर्थ मारणे, तडाखा देणे, त्याच धातूतून उत्तर युरोपातल्या भाषांमध्ये युद्धाचा शब्द तयार झाला, तोच नॉर्समधला गुन्नर, आणि तोच गुन्हिल्डमधला गुन! म्हणजे शतघ्नी ही गनची आई नाही, पण दोघी हजारो वर्षांपूर्वी एका घरातून निघालेल्या लांबच्या बहिणी आहेत. कोणी कोणाकडून घेतलं नाही, दोघींनी आपापल्या वाटेने आणलं.

आणि हे सगळं पुस्तकी संस्कृत वाटत असेल तर मराठीच घ्या. हाणणे, म्हणजे ‘एक हाणीन कानाखाली’ मधलं हाणणे, ते हन् वरूनच आलं. घाव आणि घायाळ हे घात वरून. म्हणजे गन हा परका शब्द वाटला तरी आपल्या तोंडात रोज त्याची भावंडं आहेत. शत्रुघ्न सिन्हांना लोक शॉटगन म्हणतात, त्यात एकाच मुळाचे दोन शब्द समोरासमोर आलेत हे म्हणणाऱ्यांच्या ध्यानीमनीही नसेल. मला या एका गोष्टीसाठी व्युत्पत्तीचा अभ्यास आवडतो. खोटा अभिमान रंगवलेल्या मेसेजपेक्षा खरी हकीकत कितीतरी जास्त श्रीमंत आहे, मग खोटं कशाला फॉरवर्ड करायचं?

सुरुवातीची गन दिसायची कशी?

फुलदाणीसारखी. १३२६ सालच्या एका इंग्लिश हस्तलिखितात चित्र आहे, ऑक्सफर्डला जपून ठेवलंय, त्यात एका मेजावर पोट फुगलेली सुरई आडवी ठेवलीय, तिच्या तोंडातून गोळा नव्हे तर भलामोठा बाण निघतोय आणि मागे एक शिपाई लांबूनच हात पुढे करून तिच्या कानाला बत्ती लावतोय. त्याच वर्षी इटलीत फ्लॉरेन्सच्या नगरपरिषदेने धातूच्या तोफा आणि लोखंडी गोळे करवून घ्यायचा हुकूम काढला होता. चीन याच्याही पुढे होता, तिकडे ११३२ मध्ये बांबूच्या नळीत दारू भरलेले अग्निभाले लढाईत वापरलेत आणि मांचुरियात सापडलेली धातूची हातातली छोटी तोफ १२८८ च्या आसपासची मानतात.

ती उडवायची पद्धत पुढे कित्येक शतकं तीच राहिली आणि तिचे शब्द मराठीत अजून जिवंत आहेत. तोंडातून दारू ओतायची, गजाने ठासायची, वर गोळा. मागच्या बाजूला एक बारीक भोक, त्याला तोफेचा कान म्हणायचे, त्यात चिमूटभर बारीक दारू घालायची ती रंजक. मग बत्ती. शत्रूची तोफ हाती लागली आणि ओढून नेता येत नसेल तर त्या कानात मेख ठोकायची, की झाली तोफ बहिरी आणि निकामी. बंदूक असेल तर जळता तोडा लावायचा म्हणून तोड्याची बंदूक, नंतर चापाची आली. ‘फुसका बार’ हा शब्दही इथलाच, रंजक भुर्रकन पेटते आणि आतली दारू पेटतच नाही.

कॅनन, मस्केट, रायफल, पिस्तूल यांचं काय?

यांची कुंडली सोपी आहे म्हणून पटकन. कॅनन म्हणजे मोठी नळी, लॅटिन ‘कान्ना’ म्हणजे बोरू किंवा वेत, त्यातूनच कॅनॉल पण. मस्केट इटालियनमधून, मूळ ‘मोस्का’ म्हणजे माशी, आणि स्पॅनिशमध्ये त्याच माशीचा मॉस्किटो म्हणजे डास झाला. रायफल हे नाव नळीच्या आत पाडलेल्या आट्यांवरून, फ्रेंचमध्ये त्या क्रियापदाचा अर्थ ओरखडणे, त्या खाचांमुळे गोळी स्वतःभोवती फिरत जाते आणि भरकटत नाही. पिस्तूलचं मूळ बहुतेक चेक भाषेत, पंधराव्या शतकात चेक प्रदेशात धर्मावरून झालेल्या हुसाइट युद्धांतलं ‘पिश्त्याला’ म्हणजे शिट्टी, पुंगी. आपल्याकडे पिस्तूल आणि काडतूस हे दोन्ही शब्द पोर्तुगिजांनी आणले.

माशीवरून आठवलं, उंटाच्या पाठीवरच्या छोट्या तोफेला ‘जंबुरक’ म्हणायचे, पानिपतला १७६१ मध्ये अब्दालीकडे त्या होत्या आणि त्यांनी आपली फार माणसं मारली. फारसीत जंबूर म्हणजे गांधीलमाशी. युरोपात माशी, इराणात गांधीलमाशी, कानाजवळून सूं करत जाणाऱ्या गोळीला माणसाने दोन्हीकडे एकच नाव शोधलं.

बंदूक आणि तोफ हे तरी मराठी आहेत का?

मूळचे नाहीत. तोफ तुर्की, ‘टोप’ म्हणजे गोल चेंडू आणि मग तोफ, इस्तंबूलचा टोपकापी राजवाडा म्हणजे शब्दशः तोफदरवाजा. बंदूक अरबीतून, ‘बुंदुक’ म्हणजे हेझलनट, आणि तो शब्दही ग्रीकमधल्या काळ्या समुद्राकाठच्या फळाच्या नावावरून आलेला. त्या फळाएवढ्या मातीच्या गोळ्या खास धनुष्यातून मारायचे, त्या गोळ्या म्हणजे बुंदुक. इजिप्तचा १२६० मध्ये गादीवर आलेला सुलतान बेबर्स, त्याला ‘अल-बुंदुकदारी’ म्हणतात ते तो ज्या सरदाराचा गुलाम होता त्याच्याकडे हे गोळ्यांचं धनुष्य सांभाळायचं काम होतं म्हणून. म्हणजे बघा, बंदूक पण आधी धनुष्याची होती आणि गन पण! दारू मागून आली, शब्द दोन्हीकडे आधीच तयार होते.

बंदुकीच्या दारूला दारू का म्हणतात, पिण्याच्या दारूशी संबंध?

फारसीत दारू म्हणजे औषध. प्यायची ती पण औषध, पेटायची ती पण औषध. चिनी भाषेत बंदुकीच्या दारूला ‘हुओयाओ’ म्हणतात, शब्दशः अग्नी-औषध, कारण ती सापडलीच औषधी करणाऱ्यांच्या प्रयोगांतून.

गनी बॅग म्हणजे गन ठेवायची पिशवी का?

मुळीच नाही. हा तर आपला शब्द, गोणी! संस्कृत गोणी, मराठी-हिंदीतली गोणी, ती इंग्रजांनी उचलली आणि गनी केली. पोत्याचा बंदुकीशी काडीचा संबंध नाही. आपणच आपली गोणी गनी बॅग म्हणून परत घेतली हे मात्र वाईट वाटतं, दुकानात गोणी म्हणा की.

फौजेतली माणसं बंदुकीला गन म्हटलं की टोकतात, असं का?

बरोबर टोकतात. सैन्यात गन म्हणजे तोफ, जवानाच्या खांद्यावर असते ती रायफल किंवा वेपन. मुळातही तसंच होतं, गॉन म्हणजे तटावरची मोठी, हातातलीला वेगळं ‘हँडगॉन’ म्हणायचे, सामान्य लोकांच्या बोलण्यात मात्र शब्द हळूहळू मोठीवरून छोटीवर उतरला आणि तोफखान्याने जुना अर्थ धरून ठेवला. म्हणून तोफखान्यातला जवान तो गनर. नाशिकजवळ देवळालीला तोफखान्याचं प्रशिक्षण केंद्र आहे, तिकडच्या कुणालाही विचारा. २८ सप्टेंबरला गनर्स डे असतो, १८२७ मध्ये त्या दिवशी बॉम्बे माउंटन बॅटरी ही तोफखान्याची तुकडी उभी राहिली त्याची आठवण म्हणून. अजून बारकावा हवा असेल तर कारगिलला १९९९ मध्ये गाजलेली बोफोर्स, तिला सगळे गन म्हणत असले तरी काटेकोर वर्गवारीत ती हॉवित्झर, म्हणजे गोळा उंच कमानीत टाकून डोंगरापलीकडे पाडू शकणारी, आणि हॉवित्झर हा शब्द पण चेक लोकांकडूनच आला.

मग मराठीत लिहिताना काय लिहू, गन की बंदूक?

बातमी किंवा गोष्ट लिहीत असाल तर आधी वस्तू कोणती ते बघा. लांब नळीची, खांद्याला लावायची तर बंदूक किंवा रायफल, एका हातातली तर पिस्तूल, चाकांवरची तर तोफ. गोळ्यांचा कप्पा फिरतो ते रिव्हॉल्वर, त्याला पिस्तूल लिहू नका, पोलीस पंचनाम्यात दोन्ही वेगळं लिहितात. मशीनगन, स्पीडगन, ग्लूगन यांना गनच ठेवा, तिथे बंदूक ओढूनताणून वाटतं. आणि लिंगाची शंका असेल तर गन, तोफ, बंदूक तिन्ही स्त्रीलिंगी, ‘तो गन’ असं कुठे छापलेलं दिसलं तर कळवा त्यांना.